एकेचाळिसावा कोनाडा

आर्किटेक्ट भार्गवी मॅडम पहिल्यांदा रेणापूरला आल्या, तेव्हा आश्रमाच्या लांबलचक पडवीत त्या चक्क गुडघ्यांवर बसल्या. खिडकीतून बाहेर पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. खिडक्या जमिनीपासून जेमतेम हातभर उंचीवर. मोठ्या माणसाला बाहेर बघायचं तर कंबर वाकवावी लागते, आणि पाच-सहा वर्षांच्या पोराला मात्र उभ्या उभ्या सगळा रस्ता दिसतो.

"शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी मुलांच्या डोळ्यांच्या उंचीचा विचार केला होता," मॅडम म्हणाल्या, आणि वहीत भराभरा लिहू लागल्या.

शेजारी किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचून मल्लम्मा उभी होती. ती म्हणाली, "तसं न्हाई बाई. पोलीस ॲक्शनच्या साली आड भरून वाहिला, पडवीत साप निघाले. मग मुरूम टाकून जमीन दीड हात वर उचलली. खिडक्या हुत्या तितंच हायत. जमीन वर आली."

मॅडम हसल्या. "हो का?" म्हणाल्या. वहीत लिहिलेलं मात्र त्यांनी खोडलं नाही. तीन महिन्यांनी गुळगुळीत कागदावर माहितीपत्रक छापून आलं. त्यात खिडकीचा मोठा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं की संस्थापकांचं बालमन या खिडक्यांतून दिसतं. मल्लम्मानं दोन बोटांनी तो कागद धरून पाहिला आणि चुलीशेजारच्या फळीवर ठेवून दिला. इमारतीत सदुसष्ट वर्षं राहिलं म्हणून तिची गोष्ट सांगायचा हक्क मिळत नाही, एवढं तिला त्या दिवशी कळलं.

सदुसष्ट वर्षं, म्हणजे तिचं सगळंच आयुष्य. दुसरं घर तिनं पाहिलंच नव्हतं.

गुरुलिंगप्पा अनाथाश्रम. लातूरच्या बाजारात गुरुलिंगप्पांची अडत होती, शंभर वर्षांपूर्वी. मानमोडीच्या तापाच्या साथीत त्यांचे दोन्ही मुलगे आठ दिवसांच्या आत गेले. गावोगावी आईबाप मेलेली पोरं उकिरड्यावर उष्टं वेचत फिरत होती. गुरुलिंगप्पांनी रेणापूरच्या वेशीबाहेर जमीन घेतली आणि बिदरहून मिस्त्री बोलावले. काळ्या दगडाचा चौथरा, तीन-साडेतीन फूट जाडीच्या भिंती, समोर निजामाच्या काळात सगळ्यांना आवडायच्या तशा पाकळीदार कमानी. किनवटच्या जंगलातलं सागवान बैलगाड्यांवरून आलं. चुन्यात गूळ, हिरडा आणि बेलफळाचा गर घालून घाणी फिरत राहिली ती दीड वर्ष. वर मातीचं माळवद. त्र्याण्णवच्या भूकंपात आजूबाजूची माळवदं माणसांवर कोसळली. आश्रमाच्या भिंतीला मात्र दोन चिरा पडल्या, बस्स. त्या पहाटे मल्लम्मानं बावन्न पोरं अंगणात आणून मोजली होती, आणि पुढच्या महिन्याभरात किल्लारीकडून आणखी एकोणीस आली.

पुढच्या दरवाज्यावर एक माडी होती, एका खोलीची, स्वतंत्र जिन्याची. ती मॅनेजरची. दिवेलागणीनंतर आत राहणारा पुरुष तो एकच, असा नियम होता; मुलगेसुद्धा बारा वर्षांचे झाले की लातूरच्या वसतिगृहात जात. गुरुलिंगप्पांचे पुतणे माणिकप्पा त्या माडीत तीस वर्षं राहिले. आणि मागच्या बोळात होती पाळण्याची खिडकी. जाड भिंतीत दगडाची डोणी कोरलेली, आतून-बाहेरून लाकडी झडप, बाजूला घंटेची दोरी. बाहेरच्यानं मूल डोणीत ठेवायचं, दोरी ओढायची आणि निघून जायचं. कोण होतं हे आतल्यानं बघायचं नाही.

मल्लम्मा त्याच डोणीतून आली. सत्तावन्न सालचा श्रावण. घंटा वाजली तेव्हा स्वयंपाकघरातली कुसुमबाई पहिली धावली म्हणे. बाई चार महिने हिवतापानं धर्माबादला बहिणीकडे पडून होती. दोनच दिवसांपूर्वी परतली होती, अंगात त्राण नव्हतं, तरी सगळ्यांच्या आधी खिडकीपाशी पोचली. हा किस्सा आश्रमात इतक्यांदा सांगितला गेला होता की मल्लम्माला तो पाठ होता. त्यात तिला कधी काही खटकलं नाही.

आता ही बोचक्यांची खोली. सगळी गोष्ट हिच्यापाशीच येऊन अडते.

आश्रमाच्या दक्षिणेच्या भिंतीत चौसष्ट कोनाडे होते, आठ-आठांच्या आठ रांगा. डोणीत मूल यायचं ते कशात ना कशात गुंडाळलेलं असायचं. घोंगडीचा तुकडा, धोतराचं पान, एखादं आंगडं, मनगटाचा काळा दोरा. मूल अंघोळ घालून आत नेलं की ते कापड न धुता, उन्हात वाळवून, मांजरपाटाच्या चौकोनात बांधायचं, गाठीला पत्र्याचा नंबर अडकवायचा आणि कोनाड्यात ठेवायचं. दर दसऱ्याला बोचकी अंगणात उन्हाला पडत, बांधलेलीच; कडुनिंबाचा पाला आणि वेखंड बदललं जाई. सोडायचं मात्र कुणी नाही. पहिल्या तुकडीतल्या एका पोरानं दहाव्या वर्षी आपलं बोचकं चोरून सोडलं होतं. आत धोतराचा तुकडा निघाला, त्यावर धोब्याची खूण. त्या खुणेच्या मागावर पोरगं चालत उदगीरला पोचलं, धोबी शोधला, दार शोधलं. दारातल्या माणसांनी त्याला गुरासारखं मारलं आणि चोर म्हणून पोलिसांत दिलं. परत आणल्यावर ते वर्षभर कुणाशी बोललं नाही.

तेव्हा गुरुलिंगप्पांनी नियम केला. बोचकं आश्रम सोडतानाच मिळेल. मुलीला लग्न होऊन निघताना, मुलाला वसतिगृह संपवून कामाला लागताना. निघणाऱ्यानं उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, देणाऱ्यानं आत. उंबऱ्यावरून बोचकं हातात ठेवायचं आणि म्हणायचं, "तुझं तू ने. आता मागं बघू नको." आपलं बोचकं आपल्या हातानं कुणी घ्यायचं नाही.

शे-सव्वाशे पोरांना मल्लम्मानं असं उंबऱ्यावरून बोचकं दिलं. कुणी तिथंच फाडून बघितलं, कुणी न सोडता आडात टाकलं. लुंबिनी नावाची एक पोरगी नांदेडला नर्स झाली, लग्न करून तिकडेच राहिली. तिच्या बोचक्यात निळ्या लुगड्याचा तुकडा होता; तो तिनं बाळंतपणात आपल्या लेकराच्या डोक्याखाली घातला. तसं तिनं फोन करून सांगितलं तेव्हा मल्लम्मा फोन ठेवून बराच वेळ जात्यावर बसून राहिली.

कारण एकेचाळिसाव्या कोनाड्यात तिचं स्वतःचं बोचकं होतं, आणि ती आश्रम सोडून कधी गेलीच नव्हती. लग्न नाही, बाहेर नोकरी नाही. शाळा सुटली तशी ती कुसुमबाईच्या हाताखाली स्वयंपाकघरात गेली आणि तिथंच राहिली. पोरं येत होती, मोठी होत होती, आपापलं घेऊन जात होती. हिला द्यायचं कुणी, आणि कुठल्या उंबऱ्यावरून?

किल्ली तिच्याच कमरेला होती, तेहेतीस वर्षं. कधीही दार लावून घेऊन गाठ सोडता आली असती, कुणाला पत्ताही लागला नसता. दर दसऱ्याला ती एकेचाळीस नंबर हातात घेई, वजन बघे. हलकं होतं. एकदा नाकाशी धरलं तर नुसता कडुनिंबाचा वास आला. मग जागच्या जागी ठेवून ती पुढच्याला हात घाली. शिकल्यासवरलेल्या लोकांना हा वेडेपणा वाटेल. वाटू दे. जिचं काहीच नाही तिच्याजवळ नियम तरी असतो, आणि तो तिनं कधी मोडला नाही.

किल्ली तिला दिली ती कुसुमबाईनं, मरायच्या आधी आठ दिवस, एक्क्याण्णव साली. "एकेचाळिसाला हात लावू नकोस," ती म्हणाली होती, "कुणी दिल्याशिवाय." मल्लम्माला रागच आला. सगळं आयुष्य नियमानं वागलेल्या आपल्याला बाईनं मरताना हेच सांगायचं होतं?

कुसुमबाईबद्दल मल्लम्माच्या मनात आधीच अढी होती. बालविधवा बाई, ब्राह्मणाघरची, सोळाव्या वर्षी आश्रमाच्या चुलीपुढे येऊन बसली ती उठली नाही. हाताला चव होती. आश्रमातलं प्रत्येक पोर तिच्या मांडीवर लोळलं होतं. मल्लम्मा सोडून. हिला तिनं कधी मांडीवर घेतलं नाही, हिच्या केसांतून कधी हात फिरवला नाही. शिकवलं मात्र सगळं: पन्नास माणसांची आमटी, बाजरीचं पीठ किती मळायचं ते, गोधडी शिवायची कशी. दोन लांब टाके, एक आखूड. टाका चुकला की बाई उसवायला लावी, डोळ्यांत पाणी आलं तरी.

आणि मग मुरुडचं स्थळ. बाविसाव्या वर्षी मल्लम्माला शिवकुमार नावाच्या शिंप्यानं मागणी घातली. माणूस सरळ होता, दुकान स्वतःचं. माणिकप्पांनी होकार दिला. तारीख ठरायच्या आदल्या दिवशी कुसुमबाईनं अंथरूण धरलं. ताप नाही, काही नाही, नुसती भिंतीकडे तोंड करून पडली. "मला आता चूल झेपत नाही. मल्लम्मा गेली तर पन्नास पोरांच्या तोंडात काय घालाल?" माणिकप्पांनी दोन दिवस वाट पाहिली आणि मुरुडला नाही म्हणून कळवलं. तिसऱ्या दिवशी बाई उठून भाकरी थापायला बसली.

मल्लम्मा दोन वर्षं तिच्याशी कामापुरतं बोलली. स्वतःचे चुलीपुढचे कष्ट वाचावेत म्हणून हिनं माझा संसार जाळला, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. बाई गेली तेव्हा तिनं सगळं नीट केलं, अंघोळ घातली, पण रडली नाही. बाईची एक जुनी गोधडी तेवढी राहिली. ऊबदार होती, म्हणून मल्लम्मा ती पांघरत आली. दुसरं काही कारण नव्हतं.

पुढं आश्रमाचं जे व्हायचं ते झालं. माणिकप्पा गेले, मुलगा आला, मग नातू अमरनाथ आला. सरकारचे नियम बदलले, परवानगीचं नूतनीकरण अमरनाथनं वेळेवर केलं नाही. २०१७ साली उरलेली अकरा पोरं जीपमध्ये बसवून नांदेडला नेली. त्यांची बोचकी मल्लम्मानं एकेकाच्या हातात दिली. तोवर डोणीत कापडाऐवजी प्लास्टिकच्या पिशव्या येऊ लागल्या होत्या. पोरं गेल्यावर सात वर्षं ती त्या प्रचंड इमारतीत एकटी राहिली. झाडलोट करी, दसऱ्याला बोचकी उन्हात टाकी. नऊच उरली होती. आठ त्यांची, जी पोरं लहानपणीच वारली. नववं तिचं.

मग अमरनाथला वारसा आठवला. एका कंपनीनं निधी दिला, भार्गवी मॅडम आल्या, पुन्हा चुन्याची घाणी फिरली. इमारत उजळली, हे मल्लम्मा नाकारत नव्हती. कमानींच्या पाकळ्या धुऊन निघाल्या, चिरा बुजल्या. निम्म्या खोल्यांत संग्रहालय होणार होतं, निम्म्यांत पाहुण्यांची उतरायची सोय. पंगतीच्या पडवीत उपाहारगृह. मल्लम्माच्या खोलीत कपडे धुवायची यंत्रं.

"मावशी, तुमची सोय आम्ही बघू," अमरनाथ म्हणाला. सोय लुंबिनीनं बघितली. तिनं नांदेडहून फोन केला, "माझ्याकडं या. खोली रिकामी हाय. न्हाई म्हनू नका."

तेव्हा मल्लम्माच्या ध्यानात आलं की आता आपण आश्रम सोडणार. म्हणजे आता बोचकं मिळणार. सदुसष्टाव्या वर्षी त्या विचारानं ती पोरीसारखी हरखली, आणि त्याची तिला लाजही वाटली. भार्गवी मॅडम हातमोजे घालून बोचकी खोक्यात भरायला आल्या, तेव्हा मल्लम्मानं किल्ली हातात घट्ट धरली.

"ते एकेचाळीस माझं हाय. म्या जाईन त्या दिशी मला उंबऱ्यावरून द्या. कुनी बी द्या, पन आतून द्या."

मॅडमनी अमरनाथला विचारलं. अमरनाथला कल्पना फारच आवडली. "देऊ की! उद्घाटनाच्या दिवशीच देऊ. पाहुण्यांच्या हस्ते."

माघातली सकाळ. अंगणात मांडव, खुर्च्या, फुगे. मल्लम्मानं ठेवणीतलं इरकल नेसलं. नांदेडहून लुंबिनी आली होती. मल्लम्मा मुख्य दरवाज्याच्या उंबऱ्याबाहेर जाऊन उभी राहिली, तशी अमरनाथची माणसं धावली.

"मावशी, इथं न्हाई. तिकडं स्टेजवर."

"उंबरा हितं हाय."

"उंबरा केलाय की स्टेजवर."

खरंच केला होता. प्लायवूडची चौकट, तिला काळ्या दगडासारखा रंग, खाली लाकडी पट्टी. मल्लम्मा तिच्या अलीकडे उभी राहिली. पलीकडून कंपनीच्या मुंबईच्या मोठ्या बाई आल्या, हातात एकेचाळीस नंबर. त्यांना चिठ्ठीवर वाक्य लिहून दिलं होतं. "तुमचं तुम्ही न्या. आता मागे बघू नका," त्यांनी वाचलं, आणि हसून म्हणाल्या, "इकडे कॅमेऱ्याकडे बघा." टाळ्या पडल्या.

"सोडा, आजी, सोडा!" माईकवरचा माणूस ओरडला.

गाठ सदुसष्ट वर्षांची. मल्लम्मानं ती दातांनी सोडवली. आतून गर्द जांभळं कापड निघालं. नारायणपेठी लुगड्याचा अर्धा भाग, काठावर देवळाच्या शिखरांची रांग. फाडलेली कडा कुणीतरी उलटून शिवली होती, बाळाला दोरे टोचू नयेत म्हणून. मल्लम्मानं त्या शिवणीवरून बोट फिरवलं. दोन लांब टाके, एक आखूड. पुन्हा दोन लांब, एक आखूड.

हे कापड तिला ठाऊक होतं. तेहेतीस वर्षं ती ते पांघरत होती. कुसुमबाईच्या गोधडीचा मधला भाग ह्याच जांभळ्याचा होता, हीच शिखरं, तिथंही अर्ध्यावर फाडलेली. लहानपणी तिनं एकदा विचारलं होतं, ह्याचा दुसरा तुकडा कुठाय? बाई नुसती आमटी ढवळत राहिली होती.

चार महिने धर्माबाद. दोन दिवसांपूर्वी परत. सगळ्यांच्या आधी खिडकीपाशी. घंटा धर्माबादच्या बहिणीनं वाजवली असणार आणि आत बाई तिचीच वाट बघत होती, हे मल्लम्माला आता कुणी सांगायची गरज नव्हती.

आणि मुरुड. लग्न झालं असतं तर उंबऱ्यावर बोचकं मिळालं असतं, आणि ते त्याच दिवशी सुटलं असतं. म्हणून बाईनं अंथरूण धरलं. का लेक डोळ्यांआड होऊ नये म्हणून धरलं? का दोन्ही? किल्ली बाईजवळ वर्षानुवर्षं होती. एका मिनिटात कापड बदलता आलं असतं, चुलीत घालता आलं असतं. तेही तिनं केलं नाही. मग मांडीवर का घेतलं नाही एकदाही? कुणाच्या नजरेत येईल म्हणून? मल्लम्माला त्या क्षणी बाईची कीव आली नाही, माया आली नाही. भयंकर राग आला. चौतीस वर्षं एका चुलीपाशी बसून राहिलीस, आणि तुझं प्रेत मी परक्याचं म्हणून धुतलं.

"आजी, काय वाटतंय?" माईक तोंडाशी आला.

"थंडी वाजायलीय," मल्लम्मा म्हणाली. लोक कौतुकानं हसले.

स्टेजवरून उतरताना भार्गवी मॅडम हातमोजे घालून उभ्याच होत्या. त्यांनी अलगद कापड काढून घेतलं. "मावशी, हे आता काचेत राहील. अगदी सुरक्षित."

"माझं हाय ते."

"तुमचंच आहे," मॅडम समजुतीनं म्हणाल्या. "पण संग्रहात त्याची नोंद झाली आहे ना."

जेवणं झाल्यावर मल्लम्मा संग्रहालयात गेली. कोनाड्यांना काचा लागल्या होत्या. आत दिवे. एकेचाळिसाव्यात जांभळं कापड अंथरलं होतं आणि खाली पाटी: बालिकेसोबत आलेले वस्त्र, नारायणपेठी, १९५७. माता अज्ञात.

पाटी आधीच छापून तयार होती, तशीच लावली होती. मल्लम्मानं ती दोनदा वाचली. मॅडम शेजारी आल्या तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, "अज्ञात न्हाई ती. कुसुमबाई."

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, गोधडी मागवली, शिखराला शिखर जुळवून पाहिलं. मॅडम वाईट नव्हत्या. मल्लम्माचा हात धरून त्या खरंच रडल्या. पण रडून झाल्यावर त्यांनी अमरनाथला हाक मारली.

अमरनाथ ऐकता ऐकता उजळत गेला. "मावशी, हे तर सोनं आहे! लोक लातूरहून, पुण्याहून येतील हे बघायला. अख्खी भिंत देऊ याला. कुसुमबाईंचा फोटो, ही गोधडी, ते कापड, आणि मधे तुम्ही. विधवा आई, शेजारीच लेक, आणि जन्मभर एक शब्द नाही..." त्यानं खिशातून पेन काढलं.

मल्लम्माच्या डोळ्यांपुढे भिंत आली. चुकचुकत फोटो काढणारे लोक आले. बाईनं चौतीस वर्षं जे पोटात ठेवलं ते तिकीट काढून बघायला उघडं. नको म्हणावं, असं तिनं ठरवलं. पण त्याआधी तिनं साधाच प्रश्न विचारला.

"आन बाप कोन म्हनून लिहिनार?"

"ते शोधू ना," अमरनाथ हसत म्हणाला. "सत्तावन्न साली आश्रमात कोण कोण पुरुष..." तो थांबला. समोरच्या भिंतीवर संस्थापक घराण्याच्या तसबिरी नुकत्याच लावल्या होत्या. गुरुलिंगप्पा पागोट्यात, आणि त्यांच्या शेजारी पुतणे माणिकप्पा. अमरनाथचे आजोबा. खाली लिहिलं होतं: तीस वर्षे आश्रमातच निवास.

मॅडम फरशीकडे बघत राहिल्या. अमरनाथनं पेनाला टोपण लावलं. मल्लम्मानं तसबिरीकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. माणिकप्पा तिच्याशी बोलताना नेहमी दुसरीकडे बघत, एवढं तिला आठवलं. त्याचा अर्थ लावायची तिला इच्छा नव्हती.

"असू द्या, मावशी," अमरनाथ हळू आवाजात म्हणाला. "अज्ञातच बरं. सारखी लुगडी काय, त्या काळात शंभर मिळायची. ही गोधडी तुम्ही घेऊन जा. इथं नको."

नको म्हणायचं होतं तिलाच. पण ते तिच्या तोंडून जायला हवं होतं. आईचं नाव झाकायचा एवढा एक हक्क तिच्याजवळ होता, तोही त्यानं आधी उचलला, आणि स्वतःच्या घराण्याच्या अब्रूसाठी.

"मंग माझं कापड द्या."

"फोटो छापून गेलेत मावशी. काचेत राहू द्या. गाजावाजा नको."

भार्गवी मॅडमकडे तिनं पाहिलं. मॅडमनी मान वर केली नाही.

लुंबिनीनं ट्रंक उचलली आणि ती पुढं रिक्षाकडे गेली. मल्लम्मानं गोधडीची घडी काखेत घेतली. किल्ल्यांचा जुडगा तिनं संग्रहालयाच्या टेबलावर ठेवला. तिथं आता काचेची दारं होती, त्यांना वेगळ्या किल्ल्या होत्या.

मुख्य दरवाज्यात नवा गार्ड बसला होता, निळ्या कपड्यांतला, धर्माबादकडचा. महिना झाला नव्हता त्याला लागून. मल्लम्मा उंबरा ओलांडून बाहेर गेली तसं त्यानं हाक मारली.

"ओ मावशी, थांबा. ते काय घेऊन चालले? आतली वस्तू बाहेर न्यायची न्हाई, साहेबाची ऑर्डर हाय. दाखवा बरं."

तिनं गोधडी त्याच्या हातात दिली. त्यानं उलटीपालटी करून पाहिली. "जुनी दिसती की लई. म्युझियमची न्हाई ना?"

"न्हाई."

"मंग कुनाची हाय?"

मल्लम्माच्या ओठांवर एक शब्द आला. तो शब्द तिनं आजवर दुसऱ्यांसाठी वापरला होता. पोरांच्या कागदांवर, पोरं आईसाठी रडत तेव्हा. स्वतःसाठी कधीच नाही.

"माझ्या आईची."

"हां. नाव सांगा, रजिस्टरला लिहावं लागतं."

"कुसुम."

गार्डनं रजिस्टर पुढे ओढलं. गोधडी एक, जुनी. कुसुम, हिची आई. वेळ तीन दहा. मल्लम्मानं खाली सही केली. आश्रमाच्या शंभर वर्षांच्या कागदांत मल्लम्माच्या आईची तेवढी एकच ओळ होती, आणि ते रजिस्टर भरलं की रद्दीत जाणार होतं.

त्यानं आतूनच हात लांब करून उंबऱ्यावरून गोधडी तिला दिली. "घ्या मावशी. तुमचं तुम्ही न्या."

पुढचं वाक्य त्याला माहीत नव्हतं, त्यामुळे तो काही म्हणाला नाही. मल्लम्मानं गोधडी छातीशी धरली आणि मागं बघितलं. पडवीतल्या बुटक्या खिडकीपाशी दोन पाहुणे गुडघ्यांवर बसून फोटो काढत होते.